आजचा फोटो

आमच्या मांजरीचा फोटो काढता येत नाही हे मला सात वर्षं माहीत होतं आणि त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. ती कुळकुळीत काळी आहे. मोबाइल उचलला की उठून जाते, आणि जाताना मागे वळून असं बघते की आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं. माझ्या फोनमध्ये तिच्या शेपटीचे, अर्ध्या कानाचे आणि ती नुकतीच जिच्यावरून उठली त्या उशीचे भरपूर फोटो आहेत. पिल्लू असताना सेफ्टी डोअरच्या फटीत सापडून तिच्या उजव्या पंजाचं एक नख मुळापासून गेलं. तेव्हा आई पंधरा दिवस तिला हळद लावत होती आणि ती आईला ओरबाडत होती. आईच्या मनगटावर त्या खुणा अजून आहेत.

नाहूरच्या आमच्या घरात आम्ही तिघीच: आई, मी आणि मांजर. गेल्या वर्षी आई बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. अ‍ॅम्ब्युलन्सची माणसं स्ट्रेचर घेऊन घरात शिरली, तो खडखडाट ऐकून मांजर स्वयंपाकघराच्या माळ्यावर पळाली आणि गणपतीच्या मखरामागे जाऊन बसली. मी घरात नसताना खाली उतरून खायची, कारण बशी रिकामी दिसायची. मी आले की पुन्हा वर.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, चार दिवस नीट खाऊ दे, सोमवारी ऑपरेशन करू. खाल्लं नाही तर पुढे ढकलावं लागेल, आणि या वयात नुसतं पडून राहिलं की माणूस उठत नाही. हे त्यांनी मला बाहेर नेऊन सांगितलं. पहिल्या दिवशी आई थोडं जेवली. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "मांजर कसा आसा?"

"मजेत," मी म्हटलं.

तिने चमचा खाली ठेवला.

चूक माझी होती. पेशंटला वाईट बातमी सांगायची नाही, हा आमच्या घरचा नियम आहे, आणि तो पाळण्यात आईचा हात कुणी धरू शकत नाही. बाबा शेवटच्या आजारात हॉस्पिटलात होते तेव्हाच गावी काका वारले. आईने ते बाबांना कळू दिलं नाही. बाबा रोज भावाची चौकशी करायचे आणि ती रोज सांगायची, मजेत आहेत, कलमांना पाणी घालतायत. त्याच समजुतीत बाबा गेले. त्यामुळे आमच्याकडे 'मजेत' म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

"माका शेंडी लावू नको गो," ती म्हणाली. "तुझ्या बाबांका मीच सांगी होतंय. फोटो दाखव, मग जेवतंय."

त्या दिवशी मी घरी येऊन बांगडा तळला. माळ्याखाली सुकटीची वाटी ठेवली. मोबाइल धरून दोन तास ओट्याला टेकून उभी राहिले आणि माझे पाय सुजले. मांजर जागची हलली नाही. शेवटी स्टुलावर चढून फ्लॅश मारला, तर अंधारात नुसते दोन हिरवे ठिपके आले. आईने तो फोटो जवळ धरून, लांब धरून पाहिला.

"हे ट्रकचे दिवे," ती म्हणाली आणि पेजेचा वाडगा सरकवला.

शेजारच्या गुजराती काकींना मी हे जिन्यात सांगितलं. "अरे बेटा, नेटवरून कुठली पण काळी मांजर दाखव ना," त्या म्हणाल्या. "काळी सगळी सेम." मला तो सल्ला पटत चालला होता, यावरून माझी काय अवस्था झाली होती ते समजावं. पण निदान आपलीच दाखवावी म्हणून मी फोन उपसला आणि दोन वर्षांपूर्वीचा एकुलता एक धड फोटो मिळाला. मांजर सोफ्यावर झोपलेली, चेहरा स्पष्ट. शनिवारी मी तो आईसमोर धरला आणि म्हटलं, आज सकाळीच काढला.

तिने तो फार वेळ पाहिला. मांजरीकडे नाही, मागे.

"पडदो जुनो आसा," ती म्हणाली. दिवाळीत तिनेच पडदे बदलले होते, ते माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. "कधी गेला ता?"

"अगं आहे ती. आई, खरंच आहे. माळ्यावर आहे."

"तुझो काकाव कलमांतच होतो," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी ती पाणीसुद्धा प्यायली नाही.

रविवारी सकाळी मी पेपर विकत आणला. आमच्याकडे पेपर येत नाही. तारखेसकट मांजर दाखवायची म्हणून आणला. एका हातात मोबाइल, काखेत पेपर, अशी स्टुलावर चढले आणि मखरामागे हात घातला. मऊ अंग हाताला लागलं. मी मानेला धरून ओढलं, ती फिस्कारली, मखर खाली आलं, पेपर खाली आला, मांजर माझ्या हातावरून खांद्यावर आणि खांद्यावरून पलंगाखाली गेली. फोटो निघाला होता. त्यात माझं कोपर होतं आणि थर्मोकोलचा एक खांब.

मी स्वयंपाकघरात फरशीवर बसून मोठ्याने रडले. मग खोलीत जाऊन पलंगाखाली बघून म्हटलं, आईचं काही झालं ना, तर तुला मी घरात ठेवणार नाही. मला त्या मांजरीचा खरोखर तिरस्कार वाटला. मग उठले आणि पेज केली, कारण चार वाजता भेटायची वेळ सुरू व्हायची आणि सोमवार उद्यावर आला होता.

आई डोळे मिटून पडली होती. मी डबा ठेवला आणि खोटं बोलायचं त्राण नाही म्हणून खरं सांगितलं. "नाही काढता आला फोटो. तुला काय समजायचं ते समज."

तिने डोळे उघडले. मी हाताला ओढणी गुंडाळली होती, तिच्यावर लाल डाग उमटला होता.

"हाताक काय झाला?"

"काही नाही. लागलं."

तिने ओढणी सोडली, मनगट उजेडाकडे फिरवलं आणि चष्मा मागितला. दोन ओरखडे शेजारी शेजारी होते. मग एका बोटाएवढी कोरी जागा. मग तिसरा. ती त्या कोऱ्या जागेवर अंगठा ठेवून बसली. मग स्वतःचा हात माझ्या हाताशेजारी आणला. तिच्या जुन्या, पांढुरक्या पडलेल्या खुणांतही तीच जागा सुटलेली होती. तिने माझ्या ओरखड्याला बोट लावलं आणि बोटाला लागलेलं रक्त चष्म्याजवळ नेऊन पाहिलं.

"ओला आसा," ती म्हणाली. "आजचा."

मी मान हलवली.

"हळद लाव त्येका," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पेज निवली काय गो?"

मी तिला भरवली, वाडगा संपेपर्यंत. डाव्या हाताने भरवली, कारण उजवा तिने सोडला नव्हता.