माळ्याला न विचारता लिहिलेलं पत्रक

मध्यप्रदेश नवा-नवा होता. आमच्या पलासिया वस्तीतल्या सरकारी बागेतलं गवत आता दर आठवड्याला नाही, महिन्यातून एकदाच कापायचं, असा हुकूम निघाला. वडिलांची कामगार चळवळीची पत्रकं वाचत वाढलेल्या मला त्यात माळ्यांची उपासमार दिसली. मी रातोरात नव्हे, तासाभरात पत्रक लिहिलं, छापलं आणि गठ्ठा घेऊन बागेत गेलो.

म्हाताऱ्या माळ्याला ते वाचून दाखवलं. गवत कापायचं यंत्र तो दोर खांद्यावर घेऊन पुढून ओढायचा, जोडीदार मागून ढकलायचा. त्याने सदरा सरकवून खांद्यावरचा काळा वळ दाखवला.

“अरे भिया, पूछ तो लेते! मला जन्मभर बैलच ठेवणार काय?”

“पण काका, नोकरी?”

“कायम आहे. आता रोपांना पाणी घालायचं. हे बघ, लेखी आहे.”

मी कागद दोनदा वाचला. खरंच कुणालाही काढलं नव्हतं. जिंकलेल्या मोर्च्यानंतरही मला कधी इतकं हलकं वाटलं नव्हतं.

“लिहायचंच तर नळाचं लिही,” तो म्हणाला. “एकच आहे, तोही पार फाटकाशी.”

तिथेच गवतात बसून मी अर्ज लिहिला, प्रत्येक ओळ त्याला विचारून.