निळ्या ताटाचे नऊ तुकडे

निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे सांभाळतात, नातवंडं सांभाळतात. आमच्या शाळेचे चित्रकलेचे शिक्षक शरच्चंद्र प्रधान जपानी बश्यांचे तुकडे सांभाळत बसले. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचे आणि राहतेही त्यांच्याच मजल्यावर, त्यामुळे हे खूळ मला फार जवळून सोसावं लागलं.

भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरांत कुणाचे आजोबा, कुणाचे पणजोबा बोटीवर नोकरीला असत. येताना ते जपानहून निळ्या नक्षीच्या बश्या, वाडगे आणत. फुटलं की ते परसात जाई. आता ती घरं पाडून इमारती उठतायत, आणि परसातली माती डंपरमधून राहनाळ-अंजूरच्या गोदामांना भराव म्हणून जाते. माती कुठे टाकणार हे सर डंपरवाल्यालाच विचारत आणि पिशवी, दात घासायचा जुना ब्रश घेऊन तिथे हजर होत. धुतलेले सुटे तुकडे हॉलमधल्या काचेच्या कपाटात लागत, खाली वळणदार अक्षरातली चिठ्ठी. पण एखादी बशी जुळत आली की शेवटचा कपचा मिळेपर्यंत ती कुणाला दाखवायची नाही, हा त्यांचा बाणा. तोवर ती पलंगाखाली. घरात पाहुण्याला द्यायला एक धड कप नाही आणि बाणा मात्र केवढा, असं मी त्यांना तोंडावर म्हणत असे.

अंजूरला अशाच एका भरावाच्या कडेला त्यांना कमळाबाई भेटल्या. सत्तरी उलटलेल्या. त्यांनी सरांना पाणी दिलं आणि पिशवीत डोकावल्या. मग हळूहळू सांगितलं. तरुणपणी त्या भिवंडीत इद्रीसभाईंच्या घरी भांडी घासायला जात. इद्रीसभाईंच्या आजोबांनी कोबेहून आणलेलं मोठं निळं ताट एक दिवस नाहीसं झालं. पोलिसात कुणी गेलं नाही, उद्यापासून येऊ नकोस एवढंच सांगितलं. गावात मात्र बातमी त्यांच्या आधी पोचली. पन्नास वर्षं त्या ‘ताटवाली’ राहिल्या. भाऊबंदांच्या लग्नातही त्यांना भांड्यांना हात लावू देत नसत.

“निला ताट, मधी दोन बगलं,” त्या सरांना म्हणाल्या. “मी न्हाय घेतला, मास्तर. कवा गावला तर मना दाखव.”

पुढच्या वर्षी शिमग्याच्या आधी इद्रीसभाईंचं जुनं घर पडलं आणि माती राहनाळला गेली. चार दिवसांत सरांनी नऊ तुकडे वेचून आणले. मी गेले तेव्हा ते टेबलावर जुळवून ठेवलेले होते. मध्ये दोन पक्षी, त्यातल्या एकाला डोकं नव्हतं. बगळे नव्हेत हं, क्रौंच, असं सरांनी मला सुनावलंही.

त्याच संध्याकाळी, ताट तेच ना एवढी खात्री करायला, बाणा बाजूला ठेवून त्यांनी इद्रीसभाईंना बोलावलं. साठीचा माणूस, चाळीस लूमचा मालक, त्या तुकड्यांवर बोट ठेवून सगळं सांगू लागला. दहा वर्षांचा असताना त्याच्या चेंडूनेच ताट फुटलं होतं. आजोबांच्या धाकाने त्याने ते विहिरीमागे पुरलं, आणि कमळाबाईंना काढलं तेव्हाही तोंड उघडलं नाही.

“सर, कधी जायचं बोला,” इद्रीसभाई म्हणाले. “मी येतो. गावासमोर माफी मागतो.”

सर म्हणाले, जरा थांबू. तेवढं डोकं मिळू दे, मग अख्खं ताटच बाईंच्या हातात ठेवू.

मी चिडले. उद्याच जा म्हटलं. सरांचं म्हणणं, पन्नास वर्षं वाट पाहिलेल्या बाईसमोर असं अर्धवट काय न्यायचं? मग रोज राहनाळचा भराव चाळणं सुरू झालं. पावसाळ्यात तिथे गुडघाभर चिखल, तरी सर जातच राहिले. मास्तर बऱ्याच दिवसांत आले नाहीत, असा कमळाबाईंनी एका रिक्षावाल्याकडून निरोप पाठवला. सर त्या बाजूला फिरकले नाहीत. गेलो तर तोंडून निघून जाईल, म्हणाले. इद्रीसभाईंनी दोनदा आठवण करून दिली. मग त्यांचंही धंद्याच्या गडबडीत राहून गेलं.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात कमळाबाई गेल्या.

तेराव्यानंतर सर आणि इद्रीसभाई ते बिनडोक्याच्या पक्ष्याचं ताट घेऊन अंजूरला गेले. कमळाबाईंचा मुलगा लडकू दारातच बसला होता. इद्रीसभाईंनी हात जोडले आणि जे होतं ते सगळं सांगून टाकलं. लडकूने शांतपणे ऐकून घेतलं. मग सरांना विचारलं, हे कधी सापडलं? शिमग्याच्या आधी, सर म्हणाले. खोटं बोलायला त्यांना जमलं नाही.

लडकूने त्या बिनडोक्याच्या पक्ष्यावरून बोट फिरवलं.

“माजे आयला तुकडं चाललं असतं, मास्तर,” तो म्हणाला. “तिला काय त्या ताटान जेवायचा होता?”

हे सगळं सरांनी मला आमच्या जिन्यात उभं राहून सांगितलं आणि तिथेच रडले. मी एरवी त्यांना सोडत नाही, त्या दिवशी हाताला धरून वर नेलं. अंजूरच्या रिक्षा आमच्या दारावरून जातात. नुसतं सांगायला तर मीही जाऊ शकले असते.