मी शिकवलेलं ‘हळूहळू’

एका पोरीकडून मी पन्नास वेळा लिहून घेतलं होतं: हिमयुग हळूहळू संपले. चूक तिची नव्हती, माझी होती.

बुधवारा पेठेतल्या मराठी शाळेत मी तेव्हा भूगोलाची नवी बाई. कडक इस्त्रीची साडी, बोटांना खडू, आणि तोरा असा की पृथ्वी जणू माझ्याच पर्समध्ये. ती पोर इच्छापूरच्या केळीवाल्यांची. म्हणाली, "बाई, आमच्या खड्ड्यात केळीची खोडं कुजली की बुडबुडे येतात. काका काडी लावतो तर भप्पकन पेटतं. बर्फ वितळून असाच चिखल झाला असेल, तर त्या गॅसनं एकदम गरम नसेल झालं?"

पुस्तकात ‘एकदम’ नव्हतं, म्हणजे पोरगी आगाऊ. वर्ग हसला, मीही हसले. पुढे वर्षभर तिचा हात वर आला नाही. मी शहाणी, त्याला शिस्त समजले.

परवा नात तिच्या कॉलेजचं पुस्तक मोठ्यानं वाचत होती. जुन्या बर्फात त्या काळची हवा बुडबुड्यांत अडकून राहिलीय. हिमयुग सरताना काही ठिकाणी एका माणसाच्या आयुष्यात मावेल इतक्या वेळात ऊब वाढली. दलदली पसरल्या, त्यांतून मिथेन, तोच खड्ड्यातला पेटणारा गॅस, हवेत झपाट्यानं वाढला आणि त्यानं ऊब आणखी धरून ठेवली.

"त्या पोरीकडे जाऊन येते," म्हणत मी चपला घातल्या.

"आई, इतक्या वर्षांनी? जाने दो ना," मुलगा म्हणाला. "लोक हसतील."

"हसू देत. तिला वर्ग हसला तेव्हा मी कुणाला थांबवलं?"

"आणि आताचं हवामान काय, तेही बदलेल हळूहळू."

"तोच शब्द परत घ्यायला निघालेय. तुलाही मीच शिकवलाय."

तिला इच्छापुरातच दिलेली, एवढं ठाऊक होतं. विचारत विचारत रिक्षा थेट तिच्या केळीच्या बागेपर्यंत नेली. ती घड उतरवून घेत होती, केस माझ्याइतकेच पांढरे. सगळ्या मजुरांना ऐकू जाईल असं मी म्हटलं, "तुझा प्रश्न बरोबर होता. मी चुकीचं शिकवलं आणि वर तुलाच शिक्षा केली. माफ कर."

तिनं विळा खाली ठेवला, चिकाचे हात पदराला पुसले आणि म्हणाली, "बाई, माफी-बिफी राहू द्या. माझी नात सातवीत आहे, तिनं वर्गात विचारणं सोडलंय. उद्या माझ्यासोबत तिच्या शाळेत चला, अन् हे असंच मोठ्यानं बोला."