मामांचा मागं पडणारा हात

गेल्या एप्रिलात मी गंगापूरहून मामांना बोलावून घेतलं. मी गायलेला एक अभंग कॉम्प्युटरवर रेकॉर्ड झाला होता, त्यावर त्यांचा पखवाज हवा होता. चाळीस वर्षं ते गावच्या भजनात वाजवत आलेले.

आमचं घर शहरात, छावणी भागात, अगदी रस्त्याला लागून. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून मी खिडकीला गादी लावली, दाराला कडी घातली, पंखा बंद केला. मामांच्या कानावर वायरलेस हेडफोन चढवले. त्यातून माझा आवाज ऐकत ते वाजवायचे. नंतर मी दोन्ही एकत्र लावून बघायची, तर प्रत्येक वेळी त्यांची थाप किंचित मागं.

"मामा, उशीर होतोय. परत घेऊ."

आठ वेळा झालं, दहा वेळा झालं. बनियन त्यांच्या अंगाला चिकटलं होतं. ते दाराकडं बघायचे, पण रिक्षांचा गोंगाट आत येईल म्हणून मी दार उघडू देईना.

"मला तर बरोबर वाटतंय," ते म्हणाले. मग हाताकडं बघत राहिले. "पण तू म्हणती तर असंल. हात थकला आता."

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारी त्यांनी पखवाजाला गवसणी घातली आणि न जेवताच जीप धरली.

चार दिवसांनी तेच हेडफोन लावून त्याच अभंगावर मी स्वतः टाळ वाजवून पाहिला. माझाही टाळ मागं, तेवढाच. वायरवाले हेडफोन लावले, तर टाळ बरोबर बसला. म्हणजे वायरलेसमधून आवाजच कानापर्यंत उशिरा पोचत होता, आणि मामा जे ऐकू येईल त्यावर अचूक वाजवत होते. त्यांचं रेकॉर्डिंग मी जरासं अलीकडं सरकवलं. थाप न थाप जागेवर आली.

फोन केला. मामींनी उचलला. "एकादशीच्या भजनाला गेले नाय ते. हात चालत नाय म्हणतेत."

सकाळच्या एसटीनं मी गावी गेले. सगळं सांगितलं, मोबाईलवर अभंग ऐकवला. मामांनी तो शेवटपर्यंत ऐकला.

"त्या खोलीत मला खरंच वाटलं गं, आपलं संपलं म्हणून."

"चूक माझी होती मामा."

"व्हय," ते म्हणाले. "आणि मी तुझं ऐकलं."

पुढच्या भजनाला ते गेले. पण मामी सांगतात, आता प्रत्येक अभंग संपला की ते शेजारच्या टाळकऱ्याला हळूच विचारतात, "मागं तर नव्हतो ना मी?"