अकरा चुका, एकाच बोटाच्या

यशोधरेनं जावेचं पुष्कळ काही चालवून घेतलं होतं. मायाच्या हातची भाजी घरात सगळे बोटं चाटून खायचे, ते चालवून घेतलं. सासूबाई, म्हणजे रखमाबाई, काही दुखलं-खुपलं की धाकट्या सुनेलाच हाक मारायच्या, तेही चालवून घेतलं. पण शिडीवर मायाचं नाव आपल्या वर दिसतं, हे काही केल्या तिच्या घशाखाली उतरेना.

ही शिडी कॉम्प्युटरवरची. दोन हजार नऊ साली बदलापुरात विनीत सरांच्या क्लासला मराठी टायपिंगचा नवा कोर्स आला होता. तो चालायचा पुण्याहून, इंटरनेटवर. सर नुसतं मशीन लावून द्यायचे. धडा म्हणजे खेळच होता. पडद्यावरच्या झाडावरून आंबे पडायचे, प्रत्येक आंब्यावर एक अक्षर. आंबा जमिनीला टेकायच्या आत ते अक्षर दाबायचं. चुकलं की मशीन टण्ण वाजायचं, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं. धडा संपला की चांदण्या मिळायच्या, फार तर बारा, आणि कुठलं बोट किती वेळा चुकलं तेही लिहून यायचं. धडा फारच बिघडला, तर तो तिथेच बंद पडायचा आणि मिळवलेल्या चांदण्याही कापल्या जायच्या. दिवसाला एकच धडा धरला जाई. सगळ्यांच्या चांदण्यांची बेरीज शिडीवर, ज्याची जास्त त्याचं नाव वर.

गंमत म्हणून घेतलं तर गंमत. पण जवळच्या एका शाळेला ऑफिसात टायपिंगला बाई हवी होती, आणि शाळेच्या मोठ्या बाईंनी सरांना सांगून ठेवलं होतं की तीस तारखेला संध्याकाळी सहाला शिडीवर जी सगळ्यात वर असेल, तिला पाठवा.

यशोधरेनं अंबरनाथच्या कंपनीत चौदा वर्षं उभ्यानं पॅकिंग केलं होतं. झाकणं बसवायच्या मशीनखाली उजवी करंगळी सापडली, ती पुन्हा नीट वाकली नाही. पुढे कंपनीच बंद पडली. बसून करायचं काम जन्मात एकदा तरी मिळावं, एवढंच तिचं मागणं होतं. सकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून ती पंचशील म्हणायची. पण त्या महिन्यात तोंडानं पंचशील चालायचं आणि मनात मायाच्या चांदण्या मोजल्या जायच्या. मन कुठे भटकलं हे कळायचं, लाजही वाटायची, तरी मोजणी थांबत नव्हती.

तीस तारीख उजाडली तेव्हा माया दोनशे बारावर होती, यशोधरा दोनशे सहावर.

पाच वाजता दोघी क्लासला आल्या. रिकामं मशीन एकच होतं आणि माया त्यावर बसली. तिनं आपलं नाव टाकलं तोच मोबाइल वाजला. रखमाबाई होत्या. दोन दिवसांनी नळाला पाणी आलं होतं.

"ताई, मी जाते भरायला," माया उठत म्हणाली. "तुम्ही बसा. तुमचा धडा होऊ दे. मी सहाच्या आत येतेच."

आणि ती पळाली. नाव तसंच उघडं राहिलं.

यशोधरा खुर्चीत बसली. पडद्यावर लिहिलेलं होतं, 'माया, आजचा धडा सुरू करायचा?' हिचा धडा आपण बिघडवला, दहावीस चांदण्या कापल्या गेल्या, की मग आपल्या नावानं बसायचं. पाच-दहा मिनिटांचं काम. ही पाण्याला गेली काय आणि 'तुम्ही बसा' म्हणाली काय, तेवढ्यानं यशोधरेचा जीव आणखीच जळला. मोठेपणासुद्धा हिनंच घ्यायचा.

पहिला आंबा 'च'चा आला, उजव्या करंगळीचं अक्षर. तो तिनं मुद्दाम पडू दिला. टण्ण झालं.

शेजारी उल्हासनगरची कॉलेजातली सोनिया बसली होती. ती हसली. "क्या आंटी, पहिल्याच बॉलला आऊट?"

यशोधरेचे कान तापले. दुसरा आंबा आला आणि हात आपोआप गेला, मग तिसरा, मग चौथा. शाबासकी आली, आंबे भराभर पडू लागले, आणि कुणाच्या नावावर खेळतोय हेच ती विसरली. सगळी बोटं नीट पडत होती, फक्त करंगळी मधूनमधून दगा देत होती. धडा संपला तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. चांदण्या मिळाल्या नऊ. मागे पुढच्या बॅचची मुलगी उभी होती. "काकू, माझी वेळ झाली."

यशोधरा बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. तिला हसूही येईना, रडूही येईना.

पावणेसहाला माया ओल्या साडीनिशी आली. सर म्हणाले, "मायाताई, तुम्ही दोनशे एकवीसवर. काम तुमचंच." मायानं सरांच्या मशीनवर आपलं पान उघडून पाहिलं आणि जावेला जिन्यात घेऊन गेली.

"ताई, माझ्या पानावर अकरा चुका आल्यात. सगळ्या उजव्या करंगळीच्या." ती म्हणाली, "माझी डावी तर्जनी चुकते. करंगळी कधीच नाही."

यशोधरेनं आपला उजवा हात पदराखाली घेतला.

"चुकून बसलात का माझ्या नावावर?"

हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. मायानं दार उघडून दिलंच होतं. पण सकाळच्या पंचशीलातलं 'खोटं बोलणार नाही' अजून जिभेवर होतं.

"करंगळीच्या दहाच आहेत," यशोधरा म्हणाली. "पहिली माझी आहे. तुझा धडा बिघडवायलाच बसले होते."

"बिघडवायला बसलात, आणि नऊ चांदण्या दिल्यात?"

"बिघडवायचंही जमलं नाही मला. आता हसू नकोस."

माया हसली नाही. यशोधरा स्वतःच सरांकडे गेली आणि घडलं ते सांगितलं. सरांनी पुण्याला फोन लावला. त्या नऊ चांदण्या पुसता येत होत्या, दुसऱ्याच्या नावावर टाकता येत नव्हत्या. सहा वाजले तेव्हा माया दोनशे बारावर आणि यशोधरा दोनशे सहावर. आपल्याच नावानं बसली असती तर दोनशे पंधरा. ही बेरीज तिनं वाटभर केली.

सोमवारी माया शाळेत रुजू झाली. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. यशोधरेनं दारातून पाहिलं आणि जीव पुन्हा तसाच जळला, तीस तारखेला जळला होता तसाच. संध्याकाळी तिला क्लासला जायचं होतं, पुढच्या महिन्याची शिडी कोरी होती.

सकाळी दहा वाजता नळाला पाणी आलं. रखमाबाई आतून सवयीनं ओरडल्या, "माया, ए माया, पाणी."

"ती नाही, मी आहे," यशोधरा म्हणाली.

तिनं आधी स्वतःचा हंडा भरला. मग मायाचा.