तिळगूळ घेताना साहेब काय म्हणाले
तीळ भाजल्याचा वास आला की गुरुग्रामचं ते ऑफिस आठवतं. तिथे साहेब, मी आणि एक नवी मुलगी, एवढेच मराठी. संक्रांतीला तिने सगळ्यांना तिळगूळ वाटला. तो घेताना साहेबांनी तिचा हात धरला आणि हसत हसत तिच्या अंगाबद्दल मराठीत घाणेरडं काहीतरी बोलले; बाकीचे न कळताच हसले, तिच्याखेरीज कळलं फक्त मला. तिने तक्रार केली. समितीने तिच्यासमोरच मला विचारलं, "मॅडम, उन्होंने क्या कहा था?" माझं प्रमोशन साहेबांच्याच हातात होतं. मी म्हणाले, "कुछ नहीं, त्योहार की बधाई दी थी." नंतर लिफ्टपाशी ती एवढंच म्हणाली, "ताई, तुम्हाला तर कळलं होतं ना?" अजूनही मेट्रोत कुणी मराठी बोललं, की मी कळत नसल्यासारखी खिडकीबाहेर बघते.