वाटून घेतलेलं व्याकरण

फळ्यावरचं वाक्य मंदानं दोनदा वाचलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “बाई, माझं ह्यात न्हाई.”

मला वाटलं पोरीची पेन्सिल हरवली. “काय नाही?”

“माझं. माझं आलंच न्हाई ह्यात.”

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शिरूर तालुक्यातल्या एका केंद्रावर सातवीची तोंडी परीक्षा चालू होती. केंद्र म्हणजे आसपासच्या गावांची मुलं जिथं परीक्षेला येतात ती शाळा. आपल्या मुलांची परीक्षा आपण घ्यायची नाही, दुसऱ्या शाळेच्या शिक्षकानं घ्यायची, असा नियम होता. माझ्याकडं एका वाडीची नऊ मुलं आली होती. वाडीचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. विषय इंग्रजी.

मी स्वतः सातवी फायनल. माझ्या वेळी तेवढ्यावर मास्तरीण होता यायचं. शाळेत इंग्रजी मला नव्हतंच. पुढं पाचवीपासून इंग्रजी आलं, तेव्हा आम्हा जुन्या शिक्षकांना उन्हाळ्याच्या सुट्टीत दौंडला वर्गाला बसवलं. पंख्याशिवायच्या खोलीत पोक्त बायका ‘धिस इज अ कॅट’ म्हणत होत्या. तिथं जे शिकवलं तेवढंच मला येतं. पुस्तकाबाहेरचं कुणी विचारलं असतं तर मीही नापास झाले असते. पण पुस्तकातलं पक्कं होतं.

परीक्षा साधी होती. इंग्रजीत शब्दांच्या आठ जाती मानतात. नाम म्हणजे नाऊन, सर्वनाम म्हणजे प्रोनाऊन, क्रियापद म्हणजे व्हर्ब, असं पुढं. शेवटची इंटरजेक्शन. अरेरे, वा, बापरे असले तोंडातून निघणारे शब्द असतात ते. फळ्यावर एक वाक्य लिहायचं आणि मुलानं प्रत्येक शब्दाची जात सांगायची. मी लिहिलं होतं, ‘ही अँड सीता स्लोली वॉक्ड टू दी ओल्ड ब्रिज.’ तो आणि सीता हळूहळू जुन्या पुलाकडं चालत गेले. त्यात सात जाती येत होत्या. इंटरजेक्शन मी घातलं नव्हतं. ते सहसा कुणी घालत नसे.

मंदाच्या आधी दोन पोरं येऊन गेली होती. पहिल्यानं सगळे नाऊन बरोबर दाखवले आणि गप्प उभा राहिला. दुसऱ्यानं नुसतं ‘वॉक्ड’वर बोट ठेवलं, “व्हर्ब” म्हणाला आणि निघालाच दाराकडं. मला वाटलं घाबरलीत.

“मंदा, वॉक्ड काय आहे?” मी विचारलं.

“व्हर्ब पांड्याचं हाय, बाई.”

“आणि ब्रिज?”

“ते नाऊन असंल तर विलासचं. माझ्या वाटणीला इंटरजेक्शन आलंय.”

“वाटणी कुणी केली?”

“गुरुजींनी.”

मी तिला बाहेर बसायला सांगितलं. आधीच्या दोघांचे मार्क पेन्सिलीनं टिपले होते, ते खोडून टाकले. मग त्यांच्या गुरुजींना बोलावलं.

सोपान गुरुजी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. वाईट माणूस नव्हता. दोन मास्तरांवर सात वर्ग, असली शाळा चालवत होता. वर्गात आला तो खडूचा हात धोतराला पुसतच.

“काय झालं बाई?”

“तुमच्या पोरांनी व्याकरण वाटून घेतलंय.”

तो लाजला नाही. “वाटून दिलंय. मीच. एकेका पोराला आठ-आठ जाती शिकवायला मला वेळ कुठाय? विस्तार अधिकारी येतात, खुर्चीत बसतात, विचारतात, नाऊन म्हणजे काय. विलास उठतो. व्हर्ब म्हणजे काय. पांडू उठतो. साहेब खूश. चहा घेतात, वहीत ‘उत्तम’ लिहितात, जातात.”

“आणि नववं पोरगं?”

“त्याला ‘सेंटेन्स म्हणजे काय’ दिलंय.”

“मंदाला इंटरजेक्शन का?”

“साहेब तिथवर कधी पोचतच नाहीत. चार झाल्या की चहा येतो.”

विलास सरपंचाचा मुलगा. पहिल्या ओळीत बसायचा. मंदा बौद्धवाड्यातली, शेवटच्या ओळीत. सोपान गुरुजींनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्यांनी पुढून वाटत नेलं, इतकंच. पुढं कोण बसायचं हे गावात त्यांच्या आधीच ठरलेलं होतं.

“मग आता काय करू?” मी विचारलं. “एकेकटं पोरगं आत येतंय. सगळीच नापास होतात.”

“ज्याचं जे आहे ते त्याला विचारा आणि पास करा. एवढं काय त्यात?” मग दाराकडं वळत म्हणाला, “उद्या तुमची पोरं माझ्याकडंच आहेत बाई.”

तो धमकी देत नव्हता. केंद्राची रीत सांगत होता. सगळे तसंच करायचे.

मी केंद्राच्या हेडमास्तरांकडं गेले. त्यांच्या टेबलावर त्या दिवसाच्या निकालाचा तक्ता पसरला होता. संध्याकाळी तो तालुक्याला जायचा होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

“आपसात मिटवा,” ते म्हणाले.

“काय मिटवू? पोरांना येत नाही.”

“बाई, तुम्हाला रिटायर व्हायला किती वर्षं राहिली?”

“पुष्कळ.”

“मग पुष्कळ वर्षं ह्याच लोकांत काढायचीत. मला पाचपर्यंत मार्क द्या. कसे ते तुमचं तुम्ही बघा.”

मी बाहेर आले. व्हरांड्यात एक माणूस उभा होता. डोक्याला टॉवेल, पायात रेल्वेचे जाड बूट. मंदाचे वडील. दौंडला रेल्वेत गँगमन होते, म्हणजे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत. बायको नव्हती. पोरगी गावी आजीकडं वाढत होती.

“जय भीम बाई. मंदीचं झालं का?”

“व्हायचंय. तुम्ही मार्कांचं सांगायला आला असाल तर—”

“मार्क मागत न्हाई. एसटीच्या टायमाचं इचारतोय. रातची ड्युटी हाय.”

“तिला न्यायला आलात?”

“पास झाली तर नेतो. क्वार्टर मिळालंय. हायस्कूल जवळच हाय. पर ते म्हणत्यात इंग्रजीत पास पायजे. नापास झाली तर ऱ्हाईल हितंच.” त्यांनी टॉवेल काढून झटकला. “आजीनं स्थळ बघून ठेवलंय. या उन्हाळ्यात उजवून टाकील. मी तिकडं रुळावर, म्हातारी इकडं. किती दिस अडवणार?”

मी काही कबूल केलं नाही. तिला जे येत नव्हतं त्याचे मार्क मी देणार नव्हते. तसे दिले असते तर हायस्कूलमधे महिन्याभरात ती मागं पडली असती आणि आजीचंच खरं झालं असतं.

पण पाच वाजायला वेळ होता. कुणाला कधी आत बोलवायचं हे परीक्षकाच्या हातात असतं. मी नऊही पोरांना चिंचेखाली गोळा केलं.

“ऐका. तुमच्यातल्या प्रत्येकाला एक-एक येतं. मला सगळं सगळ्यांकडून पाहिजे. ज्याचं जे आहे ते त्यानं बाकीच्यांना सांगायचं. जेवणं झाली की बोलावते. वाक्य दुसरं असेल.”

पोरं एकमेकांकडं बघत राहिली. त्यांना हे चोरीसारखं वाटलं.

“गुरुजी रागावतील,” एकजण म्हणाला.

“गुरुजींचं मी बघते.”

मी पायरीवर बसून भाकरी खाल्ली. तिथून पोरांचं ऐकू येत होतं.

“पांड्या, तुझं सांग.”

“जे करत्यात ते व्हर्ब. खातो, पळतो, मारतो.”

“गुरुजी मारत्यात, ते?”

“व्हय. तेबी व्हर्बच.”

हसली सगळी. मग भराभर देवघेव सुरू झाली. जोडतं ते कंजंक्शन. कसलं हाय ते सांगतं ते ॲडजेक्टिव्ह. गुरुजींना वर्षभर जे जमलं नाही ते जेवणाच्या सुट्टीत जमलं, असं मात्र नाही. निम्मं चुकीचं सांगत होती. मी दोनदा उठून दुरुस्त केलं.

मंदाची पाळी आली.

“अरेरे, वा, असलं कायबी,” ती म्हणाली.

“एवढंच? तुला सोपं आलंय की.”

“सोपं हाय. पर कुणी इचारत न्हाई त्याला.”

विलास जरा लांब, आपल्या डब्यापाशी बसला होता. पांडूनं त्याला हाक मारली.

“नाऊन म्या न्हाई सांगनार. ते गुरुजींनी मला दिलंय.”

“बस मग उबवत. पिल्लं निघतील त्याची,” पांडू म्हणाला.

विलास उठून गेला. पोरं हिरमुसली. वाक्यात सगळ्यात जास्त नाऊनच असतात हे त्यांनाही माहीत होतं. मी उठणार तेवढ्यात मंदा म्हणाली, “ऱ्हाऊ दे त्याचं त्याच्यापाशी. बाकीचं समदं वळखलं की उरंल ते नाऊन.”

मी परत बसले.

दुपारी नवं वाक्य लिहिलं. ‘ओह! शी अँड गोपाळ क्विकली रॅन टू दी न्यू स्कूल.’ अरे, ती आणि गोपाळ नव्या शाळेकडं पळत गेले. ह्या वेळी आठही जाती घातल्या. कुणाचंच राहून जायला नको.

मंदा आत आली. फळ्याजवळ गेली आणि एकेक शब्द झाकत चालली. ‘ओह’वर हात जरा जास्त वेळ ठेवला. इंटरजेक्शन, प्रोनाऊन, कंजंक्शन. ‘क्विकली’ला अडली, मग ॲडव्हर्ब म्हणाली. व्हर्ब, प्रीपोझिशन, ॲडजेक्टिव्ह. मग मागं सरून म्हणाली, “गोपाळ, दी आन् स्कूल, हे उरलं. हे नाऊन.”

‘दी’ नाऊन नव्हे. पण ‘दी’चं काय करायचं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून तिनं उरलेल्यात टाकलं. मी तेवढा मार्क कापला. बाकीचे पेननं लिहिले.

“जा,” मी म्हटलं.

“काय झालं, बाई?”

“पास. तुझ्या वडलांना सांग, एसटी बघा म्हणावं.”

ती पळाली नाही. नीट चालत गेली. व्हरांड्यातून दोघं निघून गेल्याचं मी नंतर ऐकलं, कारण तोवर पुढचं पोरगं आत आलं होतं.

विलासही पास झाला. त्याला इंटरजेक्शन आलं नाही, ॲडव्हर्ब आलं नाही, पण त्याच्या घरी जागरण करून पुस्तक वाचून घेणारी बहीण होती, बाकीचं त्यानं ओढून नेलं. नऊतली तिघं नापास झाली. पाचच्या आत मार्क हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवले.

“तिघं?” ते म्हणाले.

“सकाळी नऊ होती.”

त्यांनी तक्ता ओढून घेतला.

हे सगळं केंद्रात पसरायला वेळ लागला नाही. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी सोपान गुरुजींना विचारलं, “काय गुरुजी, यंदा प्रोनाऊन कुणाच्या नावावर चढवलं?” सगळे हसले. मी हसले नाही, पण मी तिथं होते, सोपान गुरुजींना राग यायला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी माझी मुलं त्यांच्याकडं गेली. त्यांनी काही गैर केलं नाही. नियमाप्रमाणे एकेकाला उभं केलं, लांब वाक्य लिहिलं, मदत केली नाही, अर्धा मार्कही सोडला नाही. दुसरा कुणी असता तर ढकलून पास झाली असती अशी माझी चार मुलं पडली. निकालाच्या तक्त्यात माझी शाळा खाली गेली. त्या वर्षीच्या तपासणीत माझ्या नावापुढं ‘इंग्रजीकडे लक्ष द्यावे’ असा शेरा आला.

त्या चौघांतल्या एकीची आई शाळेत आली. कांदे काढायला निघालेली, हातात खुरपं.

“बाई, परक्या गावच्या पोरीसाठी आमची पाडली म्हणं तुम्ही.”

“मी नाही पाडली. तिला येत नव्हतं.”

“त्या पोरीला तरी कुठं येत हुतं?”

ह्याला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते लांब होतं, आणि तिला उशीर होत होता. त्या मुलीला मी वर्षभर पुन्हा शिकवलं. ती दुसऱ्या वेळी पास झाली. चौघांतला एक परत आलाच नाही, कुणाच्या तरी ट्रकवर लागला.

मंदाचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही. दौंडला माझं जाणं व्हायचं, पण मी चौकशी केली नाही. माझं काम मार्क देण्यापर्यंत होतं.

नंतर कितीतरी नव्या शिक्षकांनी मला विचारलं, तोंडी परीक्षा कशी घ्यावी. मी सांगायची, वाक्य छोटं घ्या, मुलाला घाई करू नका, आणि जमलं तर अशा शाळेची घ्या, जिच्या मास्तरांकडं उद्या तुमची मुलं नाहीत. हे शेवटचं मला स्वतःला नोकरी संपेपर्यंत एकदाही जमलं नाही.